दोन मिनिटांत येते

ताईच्या धंद्यात थांबणं हा गुन्हा होता.

ती जुने गेम ब्राउझरमध्ये चालते करायची. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी कुठल्याशा आडवळणाच्या भाषेत लिहिलेला गेम, ती भाषा बोलणारी मशीनं केव्हाच भंगारात गेलेली, असा गेम ताईच्या टेबलावर यायचा आणि महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्याही फोनवर, साध्या वेबपानात उघडायचा. गेमला ती बोटही लावत नसे. त्याची भाषा समजणारा एक दुभाष्या ती ब्राउझरच्या आत नेऊन बसवायची, की झालं. गेम जसाच्या तसा चालू लागायचा. ऑफिस तीन खोल्यांचं, माणसं सहा, आणि तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा तिला ताईच म्हणत, कारण ती रागवायची ताईसारखी.

सगळ्यात जास्त रागवायची ती थांबणाऱ्या प्रोग्रामवर. जुन्या मशीनवर प्रोग्राम म्हणजे घरमालक. कुणी कळ दाबायची वाट बघायची असली की तो खुशाल मांडी ठोकून बसायचा आणि अख्खं मशीन त्याच्याबरोबर बसून राहायचं. ब्राउझरमध्ये तो भाडेकरू. आपलं एवढंसं काम करायचं, बाजूला व्हायचं, पुन्हा हाक आली की पुन्हा एवढंसं करायचं, तेही सेकंदाला साठ वेळा. जो बाजूला होत नाही तो सगळं पान गोठवतो, आणि मग ब्राउझर समोरच्याला विचारतो, हे पान उत्तर देत नाही, थांबायचं की सोडून द्यायचं? म्हणून ताईने एक सवय लावून घेतली होती. नव्या भाषेचा दुभाष्या लिहायला बसली की त्यातली 'थांब' ही आज्ञा ती पहिल्याच दिवशी पोकळ करून टाकायची. आज्ञा आली की "हो, थांबलो" म्हणायचं आणि पुढे चालू पडायचं. आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं. बहुतेक गेम अर्धा सेकंद भाव खाण्यापुरतेच थांबतात.

अशा या बाईला एका मंगळवारी दुपारी आईचा फोन आला.

"धाकट्याच्या मशीनला जळका वास येतोय," आई म्हणाली. "त्याला तिथून बाहेर काढ."

"आधी वायर काढ, आई."

"काढली गं. पण तू ये."

कुणाला बाहेर काढायचं, हे ताईने विचारलं नाही. मशीनलाच म्हणत असेल, असं तिने स्वतःला समजावलं आणि दुपारची बस पकडली.

धाकटा जाऊन दोन वर्षं झाली होती. ताईपेक्षा सहा वर्षांनी लहान, आणि तिचंच काम तिच्या उलट्या दिशेने करणारा. ताई जुन्या भाषांतून गेम बाहेर काढायची, हा महाभाग मुद्दाम एका विचित्र भाषेत आत शिरला होता. जगात जेमतेम दोनशे माणसं ती वापरत असतील. ताईने त्यावरून त्याला मनसोक्त छळलं होतं.

"गेम लिहितोयस तरी कुणासाठी? दोनशे माणसांसाठी?"

"मला दोनच पुरतात," तो म्हणाला होता. "आणि या भाषेत थांबता येतं. तुझ्या ब्राउझरला येतं का?"

"ब्राउझरला कामं असतात."

त्या गेममध्ये एक रिकामं घर होतं, आणि त्या घरात एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाच्या हातात टॉर्च. दिव्यांची बटणं उंचावर, तिथे फक्त मुलीचा हात पोचायचा. त्याने उजेड दाखवायचा, तिने दिवा लावायचा, असं करत एकेक खोली पार करायची. एकाच कळफलकावर दोघांनी खेळायचं, डाव्या कोपऱ्यातली कळ मुलाची, उजवीकडची बाणाची कळ मुलीची. ताईला हे कुठून आलं ते बघताक्षणी कळलं होतं. लहानपणी आई कामावरून परतेपर्यंत दोघं घरात एकटी असायची आणि मागच्या खोलीत एकटं जायला हा जाम घाबरायचा. टॉर्च घेऊन दारात उभा राहायचा. ताई आली, तिने दिवा लावला, की मगच पाऊल आत.

शेवटची खोली तयार झाली तेव्हा योगायोगाने ताई घरी आलेली होती. बाहेरच्या खोलीत ऑफिसच्या फोनवर कुणाचे तरी कान उपटत होती. आतून धाकट्याने हाक मारली, "ताई, ये ना, शेवटची खोली तुझ्याशिवाय उघडत नाही."

"थांब, दोन मिनिटांत येते."

फोन लांबला. मग बसची वेळ झाली. जाता जाता ती म्हणाली, पुढच्या रविवारी नक्की. शनिवारी सकाळी धाकटा सायकलवरून कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि वळणावर ट्रकखाली आला. त्या रविवारी ताई घरी आली, पण खेळायला नाही. त्यानंतर मशीनच्या खोलीत तिने पाऊल टाकलं नव्हतं. दोन वर्षांत आईकडे यायची ती बाहेरच्या खोलीत बसायची, चहा प्यायची आणि परत जायची. आतून कधी कधी पंख्याची बारीक घरघर यायची. एकदा तिने विचारलं तेव्हा आई म्हणाली, "कधीमधी लावते. धूळ बसते नाहीतर."

आज आत जावंच लागलं. खोलीत करपल्याचा वास होता. स्क्रीन काळा होता, त्यावर सगळीकडे धूळ, पण मधोमध एक वाटीएवढी जागा लखलखीत पुसलेली. मशीनसमोर धाकट्याची खुर्ची नव्हती, स्वयंपाकघरातली खुर्ची होती, बसकणीवर आईची उशी. तिने कव्हर उघडलं, डिस्क काढून रुमालात गुंडाळली आणि उठली.

"सगळं असेल ना त्यात?" आईने दारातून विचारलं.

"असेल."

"तोही?"

"अगं, सगळं म्हणजे सगळं."

ऑफिसात डिस्कने तीनदा दगा दिला, चौथ्यांदा वाचली. सगळ्या फायली एकही न उघडता ताईने उतरवून घेतल्या. धाकट्याचा एक नियम होता, ताईने त्याचा कोड वाचायचा नाही. लहानपणापासून ती गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची आणि ते त्याला सांगूनही टाकायची, त्याचा तो जुना राग. जिवंतपणी तिने हा नियम धाब्यावर बसवला असता. आता मोडवेना.

तीन आठवडे ती त्या दोनशे माणसांच्या भाषेचा दुभाष्या लिहीत होती. 'थांब' पहिल्याच दिवशी पोकळ केली, हात आपोआप तिकडे गेला. मग आवाज, रंग, कळा. नवा डाव सुरू करून पहिल्या दोन खोल्या तपासल्या, मुलगा चालत होता, मुलगी दिवे लावत होती. बाकीचं तिने आईसमोरच बघायचं ठरवलं. शेवटच्या खोलीत धाकट्याने तिच्यासाठी काय ठेवलं होतं, ते तिला एकटीला बघायचं धाडस नव्हतं, हे खरं कारण.

ताई घरी पोचली तेव्हा आईने चष्मा पुसून घातला. ताईने लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला आणि पान उघडलं. धाकट्याच्या डिस्कवरून जुना डावही आला होता, त्यामुळे गेम जिथे सोडला होता तिथेच उघडला. मागच्या खोलीचं दार. दारात टॉर्च घेतलेला मुलगा.

"आला," आई म्हणाली.

तेवढ्यात मुलगा वळला आणि आत गेला. मुलगी मागेच राहिली. टॉर्चचा उजेड अंधारात लहान लहान होत गेला, ठिपक्याएवढा झाला आणि दिसेनासा झाला. दिवा लावायला कुणी आत नव्हतं. स्क्रीन काळा झाला आणि त्यात त्या दोघींचे चेहरे दिसू लागले.

ताईने पान पुन्हा उघडलं. मुलगा दारात दिसला, वळला, अंधारात गेला. तिसऱ्यांदाही तेच झालं.

"पुरे," आई म्हणाली. "हा तो नाही."

"आई, तोच गेम आहे. एक अक्षर बदललेलं नाही मी."

"तो दारात थांबतो. मध्येच मान वळवून मागे बघतो. एकटा आत जाईल का तो? कधी गेला होता?" आईने लॅपटॉपचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं. "तू काहीतरी केलंयस त्याला."

परतीच्या बसमध्ये ताईला तो ठिपका दिसत राहिला. डोळे मिटले तर जास्तच. काय केलं होतं ते तिला शहराची हद्द ओलांडायच्या आधीच कळलं होतं. थांबायची आज्ञा त्याने तिच्यासाठी लिहिली होती आणि ती तिने, धंद्यातली सवय म्हणून, न बघता पुसून टाकली होती. अंधाराला घाबरणाऱ्या पोराला तिने एकट्याला आत ढकललं होतं, तेही आईच्या डोळ्यांदेखत तीनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात येताच तिने नियम मोडला, पण तेवढ्याच जागेपुरता. मुलगा दारात थांबायचा ती जागा तिने शोधली. चार ओळी. मुलीची कळ दाबली जाईपर्यंत थांब. थोड्या थोड्या वेळाने मान वळव. दर सेकंदाला आकड्यात एक मिळव. आकडा डिस्कवर लिहून ठेव. किती वेळ थांबायचं, याला मर्यादा लिहिलेलीच नव्हती.

घाईघाईत तिने 'थांब'मध्ये जीव घातला, जुन्या मशीनवर असायचा तसाच, ठाण मांडून बसणारा. एका नवशिक्यालाही ती असं करू देत नसे. पान उघडलं. मुलगा दारात आला आणि उभा राहिला. मान वळेना, काहीच हलेना. पान गोठलं आणि वर पाटी आली. हे पान उत्तर देत नाही. थांबायचं की सोडून द्यायचं?

तिने थांबा दाबलं. थोड्या वेळाने पाटी पुन्हा आली. पुन्हा थांबा. पुन्हा पाटी.

गेम तपासणाऱ्याला ऑफिसात खोडरबर म्हणत, कारण त्याने हात लावला की काहीतरी पुसलं जायचं. तो चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला होता. ताई नवव्यांदा थांबा दाबत होती.

"ताई, हे लटकलंय," तो म्हणाला. "सोडून द्या ना."

"नाही देणार."

"अहो, पण ते उत्तर देणार नाही आता."

"माहितीये मला!" ताई इतक्या जोरात ओरडली की तिन्ही खोल्या गप्प झाल्या. मग ती रडली. खोडरबराने कप टेबलावर ठेवला आणि काही न पुसता निघून गेला.

दुपारी तिने आकड्याची फाइल उघडली. हजार-दोन हजार सेकंद असतील, असं तिला वाटलं होतं, तिचा फोन चालू होता तेवढे. फाइलमध्ये दोन कोटी एक लाख साठ हजार आणि वर काहीशे असा आकडा होता. आधी तिला ती चूक वाटली. कागद घेऊन तिने भागाकार केला. दिवसाला आठ तास धरले तर सातशे दिवस. दोन वर्षांतून आई मावशीकडे राहायला गेली ते महिनाभराचे दिवस वजा केले की बरोबर सातशे.

कधीमधी लावते म्हणे! आई रोज सकाळी मशीन लावत होती आणि संध्याकाळी बंद करत होती. बाहेर बसून ताई चहा पीत होती तेव्हा आत, एका भिंतीपलीकडे, तो टॉर्च घेऊन तिची वाट बघत होता आणि सेकंद मोजत होता. ताई बराच वेळ तो कागद हातात धरून बसली. तिला भीती वाटत होती, आणि कशाची ते तिला पक्कं माहीत होतं. बोलवणारा अजून बोलवायचा थांबला नव्हता.

मग तिने ते काम नीट केलं. 'थांब' सबंध उलटी करून लिहिली. मुलाने दारात यायचं, एवढंसं थांबायचं, बाजूला व्हायचं, हाक आली की पुन्हा तिथेच, त्याच उंबऱ्यात, तसंच उभं राहायचं. बघणाऱ्याला तो सलग उभा दिसला पाहिजे. चार दिवस लागले.

रविवारी सकाळी लॅपटॉप पुन्हा आईसमोर आला. ताई तिच्या खुर्चीमागे उभी राहिली. मुलगा दारात होता. बऱ्याच वेळाने त्याने मान वळवली, मागे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहू लागला.

"हा," आई म्हणाली आणि पदराने डोळे टिपले. "हा तो. मी दुसरीकडे गेले तरी असतो ना इथे?"

"पान समोर उघडं असलं तर असतो. दुसरं पान उघडलंस, की ब्राउझर याला हाक मारायचं बंद करतो. मग तोही नसतो."

"बरंच झालं. उभं राहून पाय दुखत असतील."

ताईला हसू आलं. ती म्हणाली, "आई, रोज लावत होतीस. मला सांगायचंस तरी."

"सांगून तू काय केलं असतंस? आली असतीस, कळ दाबली असतीस, आणि तो आत गेला असता." आई स्क्रीनकडेच बघत होती. "पहिल्या दिवशी नुसतं बटण दाबलं मी, धूळ पुसायला म्हणून. तर गेम आपोआप उघडला आणि हा उभा. मग माझ्याच्याने बंद ठेववेना."

आता ताईला नीट कळलं की कळ दाबली तर काय जाणार आहे. तिला ती दाबायची होती, दोन वर्षं मनातून दाबायची होती. एकदा येऊन जायचं होतं. पण तिने येणं म्हणजे आईच्या दारातलं पोर उठून जाणं.

"नाही दाबत," ती म्हणाली. "असू दे असाच. तुझ्यासाठीच आणलाय."

मुलाने दोनदा मान वळवली. मग आई म्हणाली, "तो बघतो कुणाकडे, कळतं का तुला? माझ्याकडे बघत नाही. समोर मी बसलेली असते रोज, आणि हा मागे बघतो." तिने नाक पुसलं. "मला राग यायचा तुझा. फार यायचा. दाब तू."

"आई..."

"दाब म्हणते ना. किती वेळ ताटकळत ठेवशील त्याला?"

ताईने खुर्चीमागून हात पुढे केला आणि उजवीकडची बाणाची कळ दाबली.

मुलगी दोन पावलं पुढे आली, मुलाच्या शेजारी. दोघं आत गेली. तिने हात उंचावला आणि मागच्या खोलीत दिवा लागला. त्यांचीच खोली होती ती, दोन खाटा, मधली खिडकी, भिंतीवर ताईने पेन्सिलीने मारलेल्या त्याच्या उंचीच्या रेघासुद्धा. मुलगा मुलीकडे वळला आणि त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली.

"आलीस? तुझी दोन मिनिटं म्हणजे २,०१,६०,४१२ सेकंद. लिहून ठेवलंय मी."

ताईने तोंडावर हात दाबला. लिहिताना त्याने काय धरलं असेल, तीनशे? फार तर हजार? तो तिची फिरकी घेणार होता, आणि ती त्याच्या पाठीत धपाटा घालणार होती.

खोलीच्या पलीकडच्या भिंतीत आणखी एक दार होतं, खऱ्या घरात नसलेलं. मुलगा टॉर्च घेऊन तिकडे चालू लागला. दारापाशी वळला.

"आता तू थांब," अक्षरं म्हणाली. "मी दोन मिनिटांत येतो."

आणि तो गेला. एकटा, अंधारात, आणि यावेळी कुणी ढकललं नव्हतं. उजेड ठिपक्याएवढा झाला, मग तोही गेला. मुलगी चालत त्या दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यात उभी राहिली. स्क्रीनच्या कोपऱ्यात नवा आकडा सुरू झाला होता. एक. दोन. तीन.

"घाबरला नाही," आई म्हणाली.

"नाही."

"हिला काय झालं? ही का उभी?"

"आता त्याने कळ दाबली की तो परत येणार. तोवर ही थांबणार."

"त्याची कळ कुठली?"

"ही. डाव्या कोपऱ्यातली."

आईचं बोट त्या कळेपर्यंत गेलं. नुसतं टेकवलं असतं तरी झालं असतं, आणि ताईने तिला अडवलंही नसतं. बोट कळेवर अधांतरी राहिलं. मग आईने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

"नको. त्याची आहे ती."

आकडा चाळीसच्या पुढे गेला. दारातल्या मुलीने मान वळवून मागे पाहिलं. आईने बाजूची दुसरी खुर्ची ओढून आपल्या खुर्चीला लावली.

"बस," ती ताईला म्हणाली. "उभी किती वेळ राहशील."